खिडकीबाहेर काहीच न दिसणाऱ्या गाडीबद्दल तुमचे प्रश्न

मंडळी, मागच्या अंकात मी ऑस्ट्रेलियातल्या सिडनी ते पर्थ धावणाऱ्या इंडियन पॅसिफिक गाडीबद्दल लिहिलं होतं. ४३५२ किलोमीटर, ३ रात्री, एका महासागराच्या काठावरून निघून दुसऱ्याच्या काठावर. त्यात एक वाक्य होतं की मधला एक अख्खा दिवस खिडकीबाहेर काहीच दिसत नाही आणि मला तोच दिवस सगळ्यात भारी वाटला. झालं! निम्म्या वाचकांना वाटलं बाई सटकली, आणि उरलेल्यांनी तिकिटाचा भाव विचारला. बरेच प्रश्न सारखेच आहेत म्हणून एकत्र करून उत्तरं देतेय, ज्यांचा प्रश्न राहिला त्यांनी रागावू नका.

प्रश्न (डोंबिवलीहून): नाव इंडियन पॅसिफिक कसं काय? आपल्या रेल्वेशी काही संबंध आहे का? मी रेल्वेतला आहे, माझा पास तिकडे चालेल का?

पास नाही चालणार हो काका, चालला असता तर मीच तुमच्या मागे लागले असते. इंडियन म्हणजे इंडियन ओशन, आपला हिंदी महासागर. पर्थ त्या बाजूला आणि सिडनी पॅसिफिकच्या बाजूला, म्हणून इंडियन पॅसिफिक. तसं बघायला गेलं तर अरबी समुद्र हा हिंदी महासागराचाच भाग, म्हणजे पर्थच्या किनाऱ्यावर पाय भिजवलेत तर नात्याने ते दादर चौपाटीचंच पाणी, फक्त जरा स्वच्छ.

आणि अंतराचं म्हणाल तर आपल्याला त्याचं अप्रूप नसावं. आपली दिब्रुगड ते कन्याकुमारी विवेक एक्सप्रेस पण ४१०० किलोमीटरच्या वर जाते. फरक एवढाच की विवेक एक्सप्रेसने लोक नोकरीला जातात, गावाला जातात, लग्नाला जातात. ही गाडी कुठे पोचायचं म्हणून कुणी पकडत नाही. आठवड्यातून एकदाच सुटते आणि पोचायची घाई असेल तर सिडनीहून पर्थला विमानाने साधारण ५ तास लागतात. हे एकदा नीट डोक्यात घेतलंत ना की खालच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतील.

प्रश्न (नाशिकहून): आम्ही दोघं ६४ आणि ६१. मुलगी सिडनीला आहे, ती म्हणते आई एवढ्या पैशात तुम्ही न्यूझीलंड फिरून याल, उगाच वाळवंट बघायला कशाला पैसे घालवता. तुम्ही स्वतः लिहिलंय काही दिसत नाही. मग खरंच जावं का? खर्च किती?

ताई, आधी खर्च, म्हणजे मग बाकीचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. सगळ्यात साध्या वर्गाचं तिकीट, ज्याला ते गोल्ड म्हणतात, माणशी लाखाच्या वरच जातं, सीझनप्रमाणे बरंच वर. प्लॅटिनम त्याहून महाग, ते मी फक्त बाहेरून बघितलंय. त्यात जेवणखाण, पेयपान, वाटेतल्या छोट्या सहली सगळं धरलेलं असतं, गाडीत पाकीट काढावं लागत नाही. पूर्वी बसून जायचा स्वस्तातला डबा असायचा, रेड सर्व्हिस म्हणून, तो २०१६ मध्ये बंद केला. त्यामुळे आता ही गाडी निव्वळ हौसेची झालीय, मुलगी म्हणते ते हिशोबाने बरोबरच आहे.

आता वाळवंटाचं. खरं तर वाळवंट म्हणजे आपल्या डोळ्यासमोर जे वाळूचे डोंगर येतात तसलं ते नाहीच. नलारबॉर असं त्या पठाराचं नाव, लॅटिनमधून केलेलं, अर्थ ‘एकही झाड नाही’. खाली सगळा चुनखडीचा दगड, क्षेत्रफळ २ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि वर गुडघ्याएवढी राखाडी-हिरवी झुडपं, लाल माती, आणि क्षितिज असं सपाट की ताटाच्या कडेसारखं चहूकडे गोल दिसतं. याच पठारावर जगातला सगळ्यात लांब सरळ रूळ आहे, ४७८ किलोमीटर. म्हणजे बघा, सीएसएमटीहून सोलापूर ४५५ किलोमीटर, आणि तेवढ्यात आपली गाडी किती वेळा वाकते, घाटात तर शेपटीकडून स्वतःचं इंजिन दिसतं. इथे सोलापूरच्याही पुढे जाईपर्यंत एक वळण नाही!

पहिला अर्धा तास सगळे फोटो काढतात. मग सगळ्या फोटोत तेच येतंय म्हणून बंद करतात. मग लाउंजमध्ये गप्पा, मग जेवण, मग आमचे हे घोरायला लागले आणि मी खिडकीशी एकटी. आणि तेव्हा कुठे ते दिसायला लागलं हो. म्हणजे गाडीची सावली सकाळी पुढच्या बाजूला लांब पडली होती, ती हळूहळू आखडत डब्याशी आली आणि दुपारनंतर मागच्या बाजूला लांबायला लागली, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, एरवी झाडं, घरं, बोगदे, काहीतरी मधे येतंच. संध्याकाळी तर ती सावली इतकी लांबली की डब्यांच्या सावल्या जिथे संपत होत्या ते दिसेनासं झालं. एक गरुड दिसला, तारेवर बसलेला. त्याचंच चित्र या गाडीचं बोधचिन्ह आहे. मी ह्यांना उठवलं तोवर तो गेला, आणि हे म्हणाले, काय दिसलं? मी म्हटलं काही नाही, झोपा.

तर जावं का? ज्या घरात टीव्ही चालू नसेल तर करमत नाही त्यांनी अजिबात जाऊ नये, खरंच पैसे वाया जातील. तुम्ही दोघं गच्चीत खुर्च्या टाकून न बोलता बसू शकत असाल तर मुलीचं ऐकू नका.

प्रश्न (मिरजेहून, निवृत्त रेल्वे कर्मचारी): तुम्ही लिहिलंत की वाळवंटातला रूळ १९१७ ला जोडून झाला आणि पहिली थेट गाडी १९७० ला धावली. मधली ५३ वर्षं हे लोक काय करत होते? छपाईची चूक तर नाही ना?

चूक नाही काका, आणि हा प्रश्न मिरजेहूनच यावा याची मला फार मजा वाटली. कारण उत्तर आहे गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. मिरजेला एकेकाळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशा तिन्ही गेज एकाच स्टेशनात नांदत होत्या, पुण्याकडची वेगळी, बेळगावकडची वेगळी आणि पंढरपूर-लातूरकडची बारकी गाडी वेगळी, आणि सामान डोक्यावर घेऊन या फलाटावरून त्या फलाटावर पळणारी माणसं तुम्ही नोकरीभर बघितली असतील. ऑस्ट्रेलिया म्हणजे खंडाएवढं मिरज जंक्शन होतं असं समजा.

झालं काय, की आधी तिथे वेगवेगळ्या वसाहती होत्या आणि प्रत्येकीने आपापल्या मनाने रूळ टाकले. सिडनीच्या न्यू साऊथ वेल्सने १४३५ मिलिमीटरचा, शेजारच्या व्हिक्टोरियाने १६०० चा, क्वीन्सलंड आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने पैसे वाचवायला १०६७ चा, आणि साऊथ ऑस्ट्रेलियात तर मिसळ. १९०१ मध्ये सगळे एकत्र येऊन एक देश झाला, त्यात लांब पश्चिमेकडचं पर्थ यायला का कू करत होतं, त्याला रेल्वेचं गाजर दाखवलं. मग १९१२ मध्ये पूर्वेच्या पोर्ट ऑगस्टाकडून काम सुरू झालं, पुढच्या वर्षी पश्चिमेच्या कॅलगुर्लीकडूनही, आणि १७ ऑक्टोबर १९१७ ला उल्डिया नावाच्या जागी दोन्ही टोकं भेटली. १६९३ किलोमीटर, बहुतेक काम माणसं, उंट आणि घोड्यांच्या बळावर. पण हा नवा रूळ १४३५ चा आणि दोन्ही टोकांना पुढे वेगळीच मापं! म्हणजे वाळवंट झोकात पार करायचं आणि कॅलगुर्लीला उतरून पर्थसाठी बारक्या गाडीत बसायचं, तिकडे पोर्ट ऑगस्टाच्या बाजूलाही तेच, परत टेरोवीला बदला, अ‍ॅडलेडला बदला, मेलबर्नला बदला, ऑल्बरीला बदला. हे सगळं एका मापात यायला १९६९ संपावं लागलं आणि २३ फेब्रुवारी १९७० ला सिडनीहून पहिली थेट इंडियन पॅसिफिक सुटली.

अजून एक गोष्ट फक्त तुमच्यासाठी. वाफेच्या इंजिनांना पाणी लागतं आणि नलारबॉरवर एक नदी, एक ओढा नाही. बोअर मारून जे पाणी लागायचं ते खारट, जड, त्याने बॉयलर सडायचे. म्हणून १९५१ मध्ये डिझेल इंजिनं आली तेव्हा त्या लाइनवरच्या लोकांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले असतील. आणि डबे अजून तेच आहेत, १९७० च्या आसपास सिडनीत बांधलेले, स्टेनलेस स्टीलचे, पन्हाळी पत्र्यासारख्या रेघा असलेले. आतून नवं केलंय, पण रात्री कुरकुरतात ते जुन्या माणसासारखेच.

प्रश्न (पर्थहून): मी १४ वर्षं इथे राहते. कुक गावाबद्दल तुम्ही लिहिलंत की ‘तिथे औषधालाही माणूस नाही’. हे बरोबर नाही, आणि जरा अन्यायही वाटला.

मान्य, आणि माफी. शब्दाच्या मोहात लिहून गेले. ज्यांनी मागचं वाचलं नाही त्यांच्यासाठी: कुक हे नलारबॉरच्या मधोमध, त्या सरळ रुळावरचं, रेल्वेने रेल्वेसाठी १९१७ मध्ये वसवलेलं गाव. भरभराटीत तिथे २०० च्या आसपास माणसं राहायची, शाळा होती, दुकान होतं, दवाखाना होता, चक्क गोल्फचं मैदान होतं (गवताशिवाय!). १९९७ मध्ये रेल्वेचं खाजगीकरण झालं, गावाची गरज संपली, आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरली. गाड्यांचे ड्रायव्हर तिथे बदलतात, मुक्काम करतात, त्यांची सोय बघणारी माणसं लागतातच, म्हणजे ‘औषधालाही नाही’ हे चूकच. आणि औषधावरून आठवलं, दवाखाना चालू राहावा म्हणून गावाने पाटी लावली होती, ‘इफ यू आर क्रुक, कम टू कुक’. क्रुक म्हणजे तिकडच्या बोलीत आजारी.

या वस्त्यांना किराणा कसा जायचा असं एका दुसऱ्या पत्रात विचारलंय, ते इथेच सांगते. एक खास गाडी होती, टी अँड शुगर नावाची, म्हणजे आपल्याकडे चहा-साखर एक्सप्रेस म्हणू. १९१७ पासून १९९६ पर्यंत ती चालली. तिच्यात किराण्याचा डबा, खाटकाचा डबा, पाण्याच्या टाक्या, पगार, सगळं असायचं, आणि नाताळच्या वेळी सांताक्लॉज पण त्याच गाडीने यायचा. गावातल्या बायका पिशव्या घेऊन रुळाकडेला उभ्या राहायच्या, दुकानच दारात यायचं म्हणा ना.

मी कुकला उतरले तेव्हा आधी तोंडावर माश्या आल्या, इतक्या की बोलायला तोंड उघडावं की नाही असा प्रश्न. मग जरा बाजूला जाऊन खडीवर उभी राहिले आणि पश्चिमेकडे रुळावर बघितलं तर लांब एक दिवा. मी ह्यांना म्हटलं मागे व्हा, गाडी येतेय. आम्ही मागे झालो. दोन पत्र्याच्या खोल्या बघून आलो, ते तिथलं जुनं तुरुंग म्हणे, एकेका माणसापुरतं. पाणी प्यायलो. परत आलो तरी तो दिवा तेवढाच! शेवटी कितीतरी वेळाने ती मालगाडी धडधडत आली आणि मग ती संपेचना, तिकडे दीड-दोन किलोमीटरच्या मालगाड्या असतात. एकच लाइन आहे आणि क्रॉसिंगला आपलीच गाडी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, घालून ठेवतात बरेचदा, त्यामुळे ‘आमची गाडी एवढी महागाची आणि मालगाडीसाठी थांबवतात’ अशी तक्रार मनात आणायची नाही. गाडी कुठे थांबेल हे वेळापत्रकाप्रमाणे बदलत असतं, कुक हवंच असेल तर बुक करताना विचारून घ्या.

प्रश्न (ठाण्याहून): आम्ही शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. गाडीत काय मिळेल? सोबत काय नेता येईल? थेपले, लाडू, लोणचं चालेल का?

शाकाहारी मिळतं, चांगलं मिळतं, पण तिकीट काढतानाच सांगायचं, गाडीत बसल्यावर नाही, कारण मधे वाण्याचं दुकान नाहीये. कांदा-लसूण नाही हे पण तेव्हाच लेखी कळवा आणि तरी दोनदा विचारा, तिकडे सूपमध्ये कांदा असतोच आणि त्यांना तो कांदा वाटत नाही. मेन्यूत कांगारू, बारामुंडी मासा असले प्रकार दिसतील, सासूबाईंना कार्ड वाचून दाखवू नका, एवढंच.

चहाबद्दल मात्र मन घट्ट करा. गरम पाणी आणि पिशवी. मी चहा मसाल्याची डबी नेली होती, लाउंजमधल्या मुलीने कौतुकाने वास घेतला आणि मग तिलाही दिला.

सोबत न्यायचं तर दोन वेगळे नियम आहेत आणि लोक दुसरा विसरतात. पहिला, देशात शिरताना विमानात जो फॉर्म देतात त्यावर खायचं जे जे आहे ते सगळं ‘हो’ म्हणून लिहायचं. लिहिलंत आणि त्यांना नको असेल तर फार तर टाकून देतील, न लिहिता सापडलं तर मात्र दंड, आणि तो चांगलाच असतो. ताजा कढीपत्ता, फळं, बिया, हे तर नेऊच नका. दुसरा नियम म्हणजे देशाच्या आतसुद्धा राज्यांच्या सीमेवर तपासणी असते, फळमाशी आणि रोगराई पसरू नये म्हणून. साऊथ ऑस्ट्रेलिया आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात फळं-भाज्यांवर कडक बंधनं आहेत, वेस्टर्नमध्ये तर मधावर पण. सिडनीला मुलीने डझनभर सफरचंदं बांधून दिली तरी ती वाटेतच संपवायची. कोरडे थेपले, चिवडा यांना राज्याच्या सीमेवर आम्हाला कुणी काही म्हटलं नाही.

प्रश्न (फोंड्याहून, गोवा): तिकडे घॅन नावाची पण गाडी आहे ना? दोनातली एकच करायची तर कुठली? आणि घॅन म्हणजे काय?

आहे, आणि तिच्या नावामागची गोष्ट मला गाडीपेक्षा जास्त आवडते. ती उत्तर-दक्षिण जाते, अ‍ॅडलेड ते डार्विन, २९७९ किलोमीटर. घॅन हा ‘अफगाण’ मधला शेवटचा तुकडा. रेल्वे यायच्या आधी ऑस्ट्रेलियाच्या पोटात सामान न्यायचं तर उंटाशिवाय पर्याय नव्हता, आणि उंट सांभाळणारी माणसं आपल्या बाजूने नेलेली. त्यांना सरसकट अफगाण म्हणायचे, पण त्यात बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण, राजस्थानी सगळेच होते. १८६० मध्ये खंड दक्षिणोत्तर पार करायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी २४ उंट आणि उंटवाले गेले ते कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती! म्हणजे कागदोपत्री ते उंट आपल्याच इलाख्यातले.

या लोकांनी तारायंत्राच्या खांबांपासून पिठाच्या पोत्यांपर्यंत सगळं वाहिलं, आणि रेल्वे बांधताना रुळाचं सामानसुद्धा त्यांच्याच उंटांनी वाहिलं. मग रेल्वे आली, पाठोपाठ ट्रक आले, आणि उंटवाल्यांचा धंदा बुडाला. बऱ्याच जणांना नागरिकत्व पण मिळालं नाही. उंट मारून टाका असा हुकूम निघाला तेव्हा बऱ्याच उंटवाल्यांच्या जिवावर आलं, त्यांनी ते मोकळे सोडून दिले, आणि त्यांची पिल्लावळ आज तिकडे रानात मोकाट आहे. गाडीवर उंटस्वाराचं चित्र आहे. ज्या गाडीने पोटावर पाय दिला तिच्यावरच चित्र, काय म्हणावं आता.

जुनी घॅन ४ ऑगस्ट १९२९ ला पहिल्यांदा अ‍ॅलिस स्प्रिंग्जकडे निघाली. तो रूळ नदीच्या पात्रांतून गेलेला, एरवी कोरडी ठणठणीत आणि पाऊस आला की सगळं वाहून जायचं. गाडी आठवडे-आठवडे अडकायची, एकदा म्हणे ड्रायव्हरने रानटी बकऱ्या मारून पॅसेंजरांना जेवू घातलं, ही दंतकथा असेल पण तिकडे सगळे सांगतात. मग १९८० मध्ये बराच पश्चिमेकडून नवा रूळ टाकला, आणि अ‍ॅलिसच्या पुढे डार्विनपर्यंत जायला २००४ उजाडलं. म्हणजे पहिलं स्वप्न १९ व्या शतकातलं आणि गाडी पोचली मोबाइलच्या जमान्यात. कोकण रेल्वेची वाट बघितलेल्या माणसांना हे समजावून सांगायला नको.

कुठली करावी? उतरून हिंडायची आवड असेल तर घॅन. कॅथरीनला घळीतून बोट आहे, अ‍ॅलिस आहे, तिथून उलुरूच्या लाल खडकाला जाता येतं. मे ते सप्टेंबरमध्ये जा, अ‍ॅलिसला तेव्हा रात्री मरणाची थंडी पडते, स्वेटर घ्या. डार्विनला डिसेंबर-जानेवारीत पावसाळा ऐन भरात असतो, तो टाळा. गाडीतच बसायची आवड असेल तर इंडियन पॅसिफिक. मी दुसऱ्या जातीची.

प्रश्न (मेलबर्नहून, मूळचा नागपूरचा विद्यार्थी): ताई, लाखभर रुपये माझ्याकडे नाहीत. काही जुगाड?

आहे ना. संपूर्ण खंड रेल्वेने स्वस्तात पार करता येत नाही, अ‍ॅडलेड ते कॅलगुर्ली या मधल्या पट्ट्यात साधी पॅसेंजर गाडीच नाही. पण तुकडे करता येतात. सिडनी ते ब्रोकन हिल सरकारी गाडी आठवड्यातून एकदा, दिवसभराचा प्रवास, हा इंडियन पॅसिफिकच्याच रुळावरचा. ब्रोकन हिल म्हणजे चांदी-शिशाच्या खाणींचं गाव, बीएचपी ही खाण कंपनी १८८५ मध्ये इथेच जन्मली, त्यातला बीएच म्हणजे ब्रोकन हिलच. पर्थकडून प्रॉस्पेक्टर नावाची गाडी कॅलगुर्लीला नेते, ६५३ किलोमीटर, ७ तासांच्या आत, आणि तिथली सोन्याची सुपर पिट खाण बघ, साडेतीन किलोमीटर लांबीचा खड्डा आहे, वरून डंपर मुंगीएवढे दिसतात. आणि खरी लांब रेल्वे हवी असेल तर ब्रिस्बेन ते केर्न्स, १६८१ किलोमीटर, एक दिवस एक रात्र, झोपायची सोय पण असते. मित्रांबरोबर गाडी घेऊन नलारबॉर केलंस तर रस्त्यावरसुद्धा १४६.६ किलोमीटरचा सरळ पट्टा आहे, पण तिथे संध्याकाळी गाडी चालवू नको, कांगारू आडवे येतात.

प्रश्न (साताऱ्याहून): माझे गुडघे गेलेत. वरचा बर्थ कोण घेणार? संडास-बाथरूम कसं आहे? मधेच तब्येत बिघडली तर?

दोघांच्या गोल्ड केबिनमध्ये, म्हणजे ट्विनमध्ये, दिवसा सोफा, रात्री खाली-वर बर्थ, वर चढायला शिडी. खोलीतच छोटंसं बाथरूम, शॉवरसकट, गाडी हलताना एका हाताने दांडी धरून आंघोळ जमते. दोघांचेही गुडघे गेले असतील तर वरचा बर्थ हा भांडणाचा विषय होणार हे धरून चाला. सिंगल केबिनला शिडी नाही पण बाथरूम डब्याच्या टोकाला, सामाईक. आमच्या एजंटने (नाव नाही सांगत) ट्विन सांगून दोन सिंगल बुक केल्या होत्या आणि त्या डब्यातला पॅसेज नागमोडी असतो, केबिन आळीपाळीने बसवल्यामुळे. रात्री २ वाजता आमचे हे पायजम्यात त्या नागमोडीतून जाऊन परत येताना भलत्याच दारासमोर उभे! म्हणून तिकिटावर ट्विन लिहिलंय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मोठ्या बॅगा लगेजच्या डब्यात जातात आणि पर्थपर्यंत हाताला लागत नाहीत, त्यामुळे गोळ्या, स्वेटर, चष्मा छोट्या बॅगेत. हृदयाचा वगैरे त्रास असेल तर डॉक्टरला विचारून, त्यांना आधी कळवूनच जा. तिकडे १९२८ पासून फ्लाइंग डॉक्टरची सेवा आहे, विमानाने डॉक्टर येतो, पण विमान यायला वेळ लागतोच.

प्रश्न (पुण्याहून): फोनला रेंज असते का? आणि घड्याळ किती वेळा बदलायचं?

नलारबॉरवर रेंज विसरा, घरी सांगून ठेवा नाहीतर लेक पोलिसात जाईल. घड्याळ मात्र गमतीशीर आहे. सिडनी तिकडच्या हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे, अ‍ॅडलेड चार तास, पर्थ अडीच. ब्रोकन हिल हे सिडनीच्या राज्यात असूनही अ‍ॅडलेडचं घड्याळ लावतं. गाडीत कर्मचारी सांगतात आता किती वाजले म्हणायचं ते. पश्चिमेकडे जाताना दर दिवशी थोडा वेळ जास्तीचा मिळतो, आमच्याकडे तो झोपेत गेला.

अजून एक, परतीचं विमान त्याच संध्याकाळचं काढू नका. २०२२ च्या जानेवारीत पावसाने तिकडे रूळ वाहून गेले आणि लाइन तीन आठवड्यांच्या वर बंद होती.

प्रश्न (कोल्हापूरहून, इयत्ता ५ वी): ४७८ किलोमीटर रस्ता सरळ असेल तर ड्रायव्हर काकांना झोप येत नाही का? त्यांना स्टीअरिंग फिरवावंच लागत नाही ना?

बाळा, स्टीअरिंग तर कुठल्याच रेल्वेला नसतं, कोल्हापूर-मुंबई महालक्ष्मीला पण नाही. चाकाला आतल्या बाजूने कड असते आणि रूळ जाईल तिकडे गाडी जाते. झोपेचं मात्र तू बरोबर पकडलंस. त्यासाठी इंजिनात एक यंत्र असतं. आपल्याकडच्या इंजिनात ड्रायव्हरने मिनिटभर कशालाच हात लावला नाही तर आधी दिवा लुकलुकतो, मग भोंगा वाजतो, आणि तरी बटण दाबलं नाही तर गाडी स्वतःच ब्रेक लावून उभी राहते. तिकडच्या इंजिनातही तसंच बटण असतं. कुकला खाली उतरलेल्या एका ड्रायव्हरला मी तुझाच प्रश्न विचारला होता. तो हसला आणि म्हणाला, झोप नाही येत, पण कधीकधी स्वप्नात पण तो भोंगा वाजतो आणि मी हात लांब करून बायकोचा खांदा दाबतो.